व्हिटबी : एकशे नव्याण्णव पायऱ्या आणि काळे मणी

भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे यायचे ठरले की आपल्या सगळ्यांच्या घरी एकच यादी तयार होते. लंडन, बकिंगहॅम पॅलेस, स्टोनहेंज, विंडरमियर, जमलं तर एडिंबरो. आमच्याही फ्रिजवर अशी यादी लावलेली होती. पण गेल्या जूनमध्ये सासूबाई लीड्सला आल्या, तेव्हा त्या यादीतलं एकही ठिकाण झालं नाही. सासरे जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि आई पहिल्यांदाच एकट्या आल्या होत्या. कुठेही चला म्हटलं की, "तुम्ही जाऊन या, मी आहे घरात," एवढंच उत्तर. तीन आठवडे त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होत्या. माझा आठ वर्षांचा मुलगा शाळेतून आला की तेवढ्या हलायच्या.

शेवटी मुलानेच विषय काढला. "आजी, तुझ्या घराजवळ समुद्र आहे ना? आमच्याकडे पण आहे. बघायचा?"

आई दापोली तालुक्यातल्या हर्णैच्या. घराच्या मागच्या दारातून सुवर्णदुर्ग दिसतो. समुद्र बघायला म्हणून मुद्दाम कुठे जायचं असतं, हे त्यांना आयुष्यात कधी पटलेलं नाही. पण नातवाला नाही म्हणवेना. म्हणाल्या, "चल, बघू तुझा समुद्र कसा आहे तो."

म्हणून आम्ही व्हिटबीला गेलो. दोन दिवस, एक रात्र. वयस्क पाहुणे आणि लहान मुलं अशी दोन्ही टोकं सांभाळून जायचं असेल तर काय करावं, काय टाळावं, हे लिहावं असं ठरवलं होतं. ते लिहितेच आहे, पण त्यासोबत आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

जायचं कसं

लीड्सहून गाडीने साधारण दोन तास लागतात. पिकरिंग सोडलं की नॉर्थ यॉर्क मूर्सचं उघडं पठार लागतं. ऑगस्टमध्ये गेलात तर ते सगळं हेदरच्या जांभळ्या फुलांनी भरलेलं असतं. गाडी नसेल तर लीड्सहून यॉर्कमार्गे थेट बस आहे. मिडल्सब्रोहून एस्क नदीच्या खोऱ्यातून येणारी छोटी रेल्वेही आहे, पण तिच्या दिवसाला मोजक्याच फेऱ्या, तेव्हा वेळापत्रक आधी बघून ठेवा. मुलांना खूश करायचं असेल तर पिकरिंगहून वाफेच्या इंजिनाची गाडी धरावी. वाटेतलं गोथलंड स्टेशन पहिल्या हॅरी पॉटर चित्रपटात हॉग्समीड म्हणून वापरलं होतं. सुट्टीच्या दिवसांत गावात गाडी लावायला जागा मिळणं कठीण. गावाबाहेरच्या पार्क अँड राइडला गाडी ठेवून बसने आत जाणं शहाणपणाचं.

पहिला दिवस : बंदर, मासे आणि एक दुकान

एस्क नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, नदीच्या दोन्ही काठांवर हे गाव वसलं आहे. मधे एक फिरता पूल आहे. मोठी बोट आली की भोंगा वाजतो, माणसं थांबतात आणि पूल दोन भागांत बाजूला वळतो. हे बघायला पैसे पडत नाहीत, आणि आमच्या मुलाने सगळ्यात जास्त वेळ तेच बघितलं.

आईंचं लक्ष मात्र धक्क्यावर रचलेल्या पिंजऱ्यांकडे गेलं. खेकडे आणि लॉबस्टर पकडायचे ते पिंजरे. त्यांनी एक उचलून पाहिला, जाळी तपासली आणि मला विचारलं, "लिलाव किती वाजता असतो?" हर्णैला संध्याकाळी वाळूत मासळीचा लिलाव होतो, होडीतून बैलगाडीत मासळी उतरते, तसं काही इथे दिसेना म्हणून त्या जरा नाराज झाल्या. पण तीन आठवड्यांत त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

जेवणाचं सांगते. व्हिटबीला जाऊन फिश अँड चिप्स न खाणं म्हणजे मालवणला जाऊन सोलकढी न पिणं. यॉर्कशायरमध्ये कॉडपेक्षा हॅडॉकला मान जास्त. पण एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. यॉर्कशायरमधल्या पुष्कळ दुकानांत मासे आणि चिप्स गाईच्या चरबीत तळतात. त्याला बीफ ड्रिपिंग म्हणतात आणि जुन्या दुकानांना त्याचा अभिमानही असतो. त्यामुळे शाकाहारी असा किंवा मासे खाणारे असा, ऑर्डर देण्याआधी 'तेल कुठलं?' एवढं विचाराच. वनस्पती तेल वापरणारी दुकानं मिळतात. आम्ही विचारून घेतलं. मशी पीज बघून आई म्हणाल्या, "वाटाण्याची उसळ फोडणी घालायची राहिली वाटतं." आणि सीगल पक्ष्यांपासून सावध. माझ्या हातातला चिप्सचा तुकडा एकाने असा उचलला, की मला कळायच्या आत तो समोरच्या छपरावर होता.

पूल ओलांडून पूर्वेकडच्या काठावर गेलं की चर्च स्ट्रीट लागतो. दगडी फरसबंदीचा अरुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना दुकानं. पुढे हेन्रिएटा स्ट्रीटवर फॉर्च्युन्स नावाचं किपर धुरावायचं घर आहे, 1872 पासूनचं. हेरिंग मासा मधोमध चिरून, खारवून, लाकडाच्या धुरावर टांगतात. हेरिंग आपल्या तारलीच्याच कुळातला. आई दारातच थांबल्या, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाल्या, "सुकवायला ऊन नाही, मग धूर देतात. अक्कल आहे."

चर्च स्ट्रीटवर दर चार पावलांवर काळ्याभोर दागिन्यांचं दुकान दिसतं. त्या काळ्या वस्तूला जेट म्हणतात. तो दगड नाही. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या, मंकी पझल जातीच्या झाडांचं लाकूड समुद्राच्या तळाशी गाळात दबून त्याचं जेट झालं. हातात घेतलं तर ते अगदी हलकं लागतं आणि काचेसारखं गार लागत नाही. खरं की खोटं ओळखायची एक युक्ती दुकानदार बाईंनी दाखवली. झिलई नसलेल्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर जेट घासलं की तपकिरी रेघ उमटते. कोळशाची रेघ काळी येते.

बाईंनी एक जुनी माळ काढून आईंच्या हातात दिली. बारीक, गोल, चकचकीत काळे मणी.

आईंनी मणी बोटांत फिरवले. मला म्हणाल्या, "हे तर आपलेच."

मी ते बाईंना सांगितलं. आमच्याकडे लग्न झालेल्या बाया काळ्या मण्यांचं मंगळसूत्र घालतात, म्हटलं. बाईंना फार गंमत वाटली. त्या म्हणाल्या, आमच्याकडे नेमकं उलटं. 1861 च्या डिसेंबरात राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट वारला. राणीने पुढची चाळीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, काळे कपडे सोडले नाहीत. दरबारात शोकाच्या काळात जेटचे दागिने चालत, आणि दरबारात जे चालतं ते गावोगावच्या बायका करतात. ज्या बाईचा नवरा गेला तिने जेट घालायचं. त्या काळात व्हिटबीत हजाराहून जास्त माणसं या धंद्यात होती.

मी हे आईंना मराठीत सांगायला लागले आणि अर्ध्यावर माझी जीभ अडखळली. पण सांगितलं. आईंनी माळ हळूच बाईंच्या हातात परत दिली आणि दुकानाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

संध्याकाळ

पश्चिमेकडच्या टेकडीवर आम्ही राहिलो होतो. वयस्क माणसांबरोबर असाल तर तिकडेच राहावं. वरचा भाग सपाट आहे, बाकं भरपूर आहेत आणि समोर सगळं बंदर दिसतं. तिथेच देवमाशाच्या जबड्याच्या हाडांची उंच कमान आहे. 1753 ते 1837 या काळात इथली जहाजं देवमासे मारायला उत्तरेला जात, त्याची ती आठवण. आता उभी असलेली हाडं अलास्काहून आलेली आहेत.

जून अखेरीस गेलात तर एक गोष्ट चुकवू नका. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो आणि जमिनीवर मावळतो. पण व्हिटबीचा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात इथे सूर्य समुद्रातून वर येतो आणि समुद्रातच बुडतो. साडेनऊ वाजून गेल्यावर आम्ही बंदराच्या धक्क्यावर होतो. नवरा आणि मुलगा पुढे दीपस्तंभापर्यंत गेले होते. आई आणि मी बाकावर.

गप्प बसवेना म्हणून मी वाचलेली माहिती सांगत बसले. जुनी सवय, शाळेच्या सहलीत मुलांना सांगायची तशी. 9 फेब्रुवारी 1861 ला इथे मोठं वादळ झालं. बुडणाऱ्या जहाजांवरच्या माणसांना वाचवायला इथल्या मच्छीमारांची लाइफबोट एकाच दिवसात पाच वेळा समुद्रात गेली आणि परत आली. सहाव्या वेळी उलटली. तेरापैकी बारा जण बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन, कारण त्याच्याच अंगात बुचाच्या लाकडाचं नवं जाकीट होतं.

"राणीचा नवरा गेला त्याच साली?" आईंनी विचारलं.

"हो. दहा महिने आधी."

बराच वेळ त्या पाण्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्यांच्या बायकांनीपण घातले असतील का गं काळे मणी?"

"ऐपत असेल तर घातले असतील."

"म्हणजे त्यांच्यात माणूस गेला की घालायचे. आपल्यात माणूस गेला की काढायचे. मणी बिचारे तेच." आणि थोड्या वेळाने, "माझे दहाव्याला काढले. कोणी विचारलं नाही मला. मी नको म्हटलं असतं असंही नाही. पण विचारलं नाही."

मी तिथे होते. हे मला लिहायलाच हवं. मी इथून विमानाने पोचले होते आणि दहाव्याच्या दिवशी त्या खोलीच्या दारात उभी होते. एम.ए. झालेली, सहा वर्षं शाळेत शिकवलेली, मुलींना सावित्रीबाईंवर भाषणं बसवून घेणारी मी. चुलत सासूबाईंनी पुढे होऊन आईंच्या गळ्यातलं काढलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. परदेशातून आलेली सून, दोन आठवड्यांत परत जाणार, आपण कशाला बोला, असं मी स्वतःला समजावलं. आधी 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य सरकारनेही इतर गावांना तसं करायला सांगितलं, तेव्हा ती बातमी मीच आपल्या मंडळाच्या गटावर मोठ्या हौसेने पाठवली होती.

मी आईंना तसं सांगितलं. "आई, मी दारात होते. मी बोलायला हवं होतं."

त्या म्हणाल्या, "मी बघितलं तुला. तू रडत होतीस. तुझ्यावर राग नाही." जरा थांबून म्हणाल्या, "पण बोलली असतीस तर बरं वाटलं असतं."

समोर सूर्य पाण्यात टेकला होता. आई म्हणाल्या, "हर्णैला असाच बुडतो. फक्त तिथे एव्हाना जेवणं आटोपून झोपलेलो असतो."

दुसरा दिवस : पायऱ्या

व्हिटबीत सगळे जण करतात ती गोष्ट म्हणजे चर्च स्ट्रीटच्या टोकापासून वर सेंट मेरी चर्चपर्यंतच्या 199 पायऱ्या चढणं. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठी वर अॅबीजवळ गाडीतळ आहे, गाडीने थेट जाता येतं. आमचाही बेत तोच होता. पण सकाळी आई म्हणाल्या, "पायऱ्यांनी जाऊ. रायगड नाही ना?"

पायऱ्या मोजताना नातवाचा मराठी आकड्यांचा वर्ग झाला. अठ्ठावीसपर्यंत ठीक चाललं. मग एकोणतीसला त्याने विचारलं, एकोण म्हणजे काय? मी तोंड उघडणार तेवढ्यात आईंनी उत्तर दिलं, "एक उणा. तीसला एक कमी." त्यानंतर एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ त्याने स्वतः बरोबर सांगितले. रविवारच्या मराठी शाळेत मी दोन वर्षं जे शिकवते आहे ते पन्नास पायऱ्यांत झालं. सगळ्या आकड्यांत एकोण नसतं, नव्व्याण्णवचं वेगळंच प्रकरण असतं, हे पुढे कळल्यावर मात्र तो चिडला.

मधे मधे रुंद टप्पे आणि बाकं आहेत. पूर्वी चर्चच्या दफनभूमीकडे शवपेट्या याच पायऱ्यांनी खांद्यावरून नेत, तेव्हा खांदेकऱ्यांना ती विसाव्याची जागा होती. आई प्रत्येक टप्प्यावर बसल्या. आम्हाला चाळीस मिनिटं लागली. घाई करू नका, एवढंच सांगेन.

वर अॅबीचे अवशेष आहेत. छप्पर नाही, उंच भिंती आणि कमानी आकाशाखाली उभ्या. तिकीट आहे, आणि वारा जोराचा असतो. जूनमध्येही शाल न्या. मूळ मठ 657 साली हिल्डा नावाच्या बाईंच्या हाताखाली सुरू झाला. पुरुष आणि स्त्रिया दोघांचा मठ, आणि प्रमुख बाई. 664 साली ईस्टर कोणत्या दिवशी पाळायचा, रोमच्या पद्धतीने की आयर्लंडच्या, याचा निवाडा करायला राजा आणि धर्मगुरू इथेच जमले होते आणि रोमची बाजू जिंकली. आता दिसतात ते अवशेष नंतरच्या मठाचे. तो आठव्या हेन्रीच्या काळात, 1539 साली बंद झाला. 1914 च्या डिसेंबरात जर्मन युद्धनौकांनी केलेल्या तोफमाऱ्यातही त्याचं नुकसान झालं.

पण आईंना आवडली ती कॅडमनची गोष्ट. हिल्डाच्या काळात मठाची गुरं राखणारा हा माणूस. मेजवानीत सगळे पाळीपाळीने गायला लागले की तो लाजून उठून जाई. एका रात्री गोठ्यात झोपला असताना स्वप्नात कोणी तरी सांगितलं, गा. आणि त्याला गाणं सुचलं. आज नावानिशी ठाऊक असलेला सर्वांत जुना इंग्रजी कवी तो. हिल्डाने त्याला मठात घेतलं. पायऱ्यांच्या माथ्यावर त्याच्या नावाचा क्रूस आहे. आई म्हणाल्या, "जनाबाईला जात्यावर सुचलं, ह्याला गोठ्यात. देवाला शिकलेली माणसं कमीच लागतात." यावर मी काय बोलणार?

मुलांसाठी

किनाऱ्यावर गोल गुंडाळलेल्या शंखासारखे जीवाश्म सापडतात. ते अॅमोनाइट. हिल्डाने इथल्या सापांचे दगड केले अशी दंतकथा आहे, आणि पूर्वीचे विक्रेते त्या दगडांवर सापाचं तोंडही कोरून द्यायचे. सुटे पडलेले गोटे शोधावेत. कड्याच्या खाली जाऊ नये, दरड कोसळते. सँड्सएंडपर्यंत वाळूतून चालत जाता येतं, पण भरती-ओहोटीच्या वेळा बघूनच. भरतीत परतीची वाट बंद होऊ शकते.

पॅनेट पार्कमधल्या संग्रहालयात बारा जळवांचं वादळ सांगणारं यंत्र बघा. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी एका स्थानिक डॉक्टरांनी बनवलेल्या यंत्राची ती प्रतिकृती आहे. वादळ येणार असलं की जळवा बाटलीत वर चढतात आणि घंटा वाजते, अशी कल्पना. ग्रेप लेनवर कॅप्टन कुक शिकाऊ असताना ज्या घरात राहिला तिथे त्याचं संग्रहालय आहे. त्याचं एन्डेव्हर जहाज याच गावात बांधलेलं, मुळात कोळसा वाहणारं. आणि थोड्या मोठ्या मुलांना ड्रॅक्युलाच्या खुणा शोधायला आवडतील. ब्रॅम स्टोकर 1890 च्या उन्हाळ्यात इथे राहिला होता, आणि कादंबरीत ड्रॅक्युला इंग्लंडला पोचतो तो व्हिटबीच्याच बंदरात.

परत दुकानात

पायऱ्या उतरल्यावर आई न सांगता कालच्या दुकानापाशी थांबल्या. आत गेल्या आणि बाईंना हाताने खूण करून त्यांनी माळ नाही, एकच मणी दाखवला. वाटाण्याएवढा, बारीक चांदीच्या साखळीतला. मी पर्स उघडली तर म्हणाल्या, "थांब." कमरेची छोटी पिशवी काढली. त्यात माझ्या नवऱ्याने विमानतळावर दिलेल्या पौंडाच्या नोटा तशाच घडी घातलेल्या होत्या. पैसे त्यांनीच मोजून दिले.

बाईंनी विचारलं, घालून देऊ का? मी आईंकडे पाहिलं. या वेळी मी विचारलं, "आई, घालायचं का?"

"घाल," त्या म्हणाल्या. "हे त्यांच्यासाठी नाही आणि दुःखाचंही नाही. मला आवडलं म्हणून."

मी साखळीचा फासा लावला. माझे हात थरथरत होते, दोनदा निसटला.

ऑगस्टमध्ये आई परत गेल्या. व्हिडिओ कॉलवर कधी तो मणी पदरावर दिसतो, कधी दिसत नाही. चुलत सासूबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं म्हणे, लाकूड आहे, 18 कोटी वर्षांचं. पुढे कोणी काही बोललं नाही.

या उन्हाळ्यात तुमच्याकडे कोणी येणार असेल तर व्हिटबीला जरूर न्या. शाल, भरतीचं वेळापत्रक आणि तेलाची चौकशी विसरू नका. आणि संध्याकाळी धक्क्यावरच्या बाकावर थोडा वेळ बसा. आईंना मी त्या बाकावर जे सांगितलं, ते सांगायला मला दीड वर्ष लागलं.